शेवटून कापलेल्या चार ओळी

आमच्या गल्लीत मत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. संसद कशी चालवावी, फाशी असावी की नसावी, मुलांना कोणत्या भाषेत शिकवावं, हे सगळं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी नऊच्या आत निकालात निघायचं. पण ही मतं फुकट होती, आणि दुपारपर्यंत शिळी व्हायची. तिकीट लावून पोस्टात पडणारं मत एकाच माणसाचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या तराजूसाहेबांचं.

हे नाव अर्थात लोकांनी ठेवलेलं. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मखमलीच्या खाचा असलेली लाकडी पेटी आणि तिच्यात पितळेची सरकारी वजनं, एवढं घेऊन तेहतीस वर्षं ते बाजार हिंडले. त्यांची एक रीत होती. आधी दुकानदाराचं वजन पारड्यात ठेवायचं, ते नीट बसू द्यायचं, आणि मगच दुसऱ्या पारड्यात आपलं. खात्यातले बाकीचे उलट करत. साहेबांचं म्हणणं असं, की आपलं आधी ठेवलं की डोळा आपल्या बाजूला झुकतो. या रीतीमुळे त्यांची दिवसाला दोन-तीन दुकानं राहून जायची. बढती तर एकदाही वेळेवर आली नाही.

निवृत्तीच्या दिवशी पेटी खात्यात जमा झाली. रीत मात्र जमा करून घ्यायला खात्याकडे रकाना नव्हता, म्हणून ती घरी आली.

घरी आल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न वर्तमानपत्राने सोडवला. साहेबांनी पट्टीने वाचकांच्या पत्रांचा स्तंभ मोजला, आणि बरोबर तेवढ्याच रुंदीत, तीस ओळींचं पत्र लिहायला सुरुवात केली. पत्राचा साचा ठरलेला. पहिल्या सव्वीस ओळी समोरच्याची बाजू, शेवटच्या चार ओळी आपली. समोरच्याची बाजू ते इतक्या मनापासून मांडायचे, की तो समोरचा स्वतः वाचून ताठ होऊन बसावा. मतदान सक्तीचं करावं या म्हणण्यावर त्यांनी लिहिलेल्या सव्वीस ओळी वाचून टपरीवरचे तीन जण सक्तीच्या बाजूचे झाले होते. पुढच्या चार ओळी वाचून दोघे परत आले. तिसऱ्याचा चहा सव्विसाव्या ओळीलाच संपला होता, तो आजही सक्तीच्या बाजूचा आहे.

चार ओळीच का, असं एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की खरं असेल तर चारात मावतं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या न्यायबुद्धीचं फारसं कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "तुम्ही मंत्र्याची बाजू सव्वीस ओळी ऐकता. माझी चार ऐकली असतीत तर स्वयंपाकघराचा नळ केव्हाच दुरुस्त झाला असता." साहेबांनी ही बाजूही शांतपणे ऐकून घेतली होती. नळ तसाच होता.

त्यांच्या घरातली तिसरी व्यक्ती म्हणजे मुलगी, चौतिशीची, आणि ती नोकरीला होती त्याच वर्तमानपत्रात. इतकंच नाही, गेली सहा वर्षं वाचकांच्या पत्रांचं पान तीच बघत होती. आता कोणालाही वाटेल की साहेबांची पत्रं तिच्या पर्समधून थेट कचेरीत जात असतील. साहेब पत्राला तिकीट लावून खाली पेटीत टाकायचे. पत्र दोन दिवस शहरभर फिरून मुलीच्या टेबलावर पोचायचं. ती ते इतरांसारखं फोडायची, वाचायची, आणि दहातली सात नापसंत करायची. घरी या विषयावर अक्षर नाही. पत्र आलं नाही की साहेब जेवताना म्हणायचे, संपादक मंडळाला बरंच काम दिसतंय. मुलगी म्हणायची, हो, मंडळ आमटी वाढून घेतंय. आणि जे पत्र घ्यायचं ठरे ते ती पानात सगळ्यात खाली लावायची, म्हणजे बापाला वर बसवलं असं कोणी म्हणू नये. दोघंही एकाच पेटीतली वजनं होती.

साहेब घरी वर्तमानपत्र घेत नसत. ते वाचायला खाली, किल्लेदाराच्या दुकानात जायचे.

किल्लेदार म्हणजे किल्ल्या बनवणारा. जिन्याखालच्या तीन हात रुंद जागेत त्याचं दुकान. एक शिकंजा, सात-आठ कानशी, कोऱ्या किल्ल्यांचे गुच्छ आणि मागच्या फळीवर ओळीने ठोकलेले खिळे. एकतीस वर्षांपूर्वी, तिकडे सगळं पेटलं तेव्हा, तो सीमेपलीकडून आला. विशीतला पोरगा होता. आता त्याची दाढी पांढरी झाली होती आणि आमच्यापैकी निम्म्या लोकांपेक्षा तो गल्लीत जुना होता. त्या खिळ्यांवर इमारतीतल्या तीसही घरांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असायच्या. कोणी किल्ली आत विसरलं, कोणी गावाला गेलं आणि नळ चालू राहिला, की किल्लेदार. साहेब तर महिन्यातून दोनदा बाहेर अडकायचे. तिसरा खिळा त्यांचा. एकदा त्यांच्या घरची मूळ किल्लीही हरवली आणि जादाही, तेव्हा किल्लेदाराने डोळे मिटून कोरी किल्ली शिकंज्यात धरली आणि आठवणीवर खाचा पाडल्या. दार उघडलं. साहेबांनी विचारलं, कसं काय? तर म्हणाला, तुमचं कुलूप मला पाठ आहे, तुमच्या पत्रांसारखं, शेवटची खाच उलटी.

रोज सकाळी साडेसातला ते दोघं एक वर्तमानपत्र वाटून वाचायचे. बाहेरची पानं साहेब, आतली किल्लेदार. मग अदलाबदल. मधे बोलणं फारसं नाही. एकदा साहेबांनी लिहिलं होतं, की सभागृहात न येणाऱ्या खासदाराला खोट्या वजनासारखं जप्त करावं, तेव्हा किल्लेदार फक्त एवढंच म्हणाला होता, की ठेवाल कुठे, गोदाम लागेल.

मग तो नियम चर्चेला आला.

गेल्या चाळीस वर्षांत बाहेरून आलेल्यांनी आपले दाखले नव्याने सिद्ध करावेत, त्यांच्या दुकानांच्या परवान्यांची सुनावणी व्हावी, आणि सुनावणीत परिसरातल्या नागरिकांचं मत विचारात घेतलं जावं. देशभर चर्चा पेटली. टपरीवर तर नियम मंजूर होऊन अंमलबजावणीही सुरू झाली होती. किल्लेदाराने सगळे कागद एका पिशवीत भरले. त्यातला एक कमी होता, कारण तो देणारी कचेरीच तिकडे जळाली होती. त्यामुळे त्याचं सगळं नागरिकांच्या मतावर आलं. तो एवढंच म्हणाला, नागरिकांच्या तर किल्ल्याच माझ्याकडे आहेत.

साहेबांनी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पाच दिवस विचार करून पत्र लिहिलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्र असावं. रीतीप्रमाणे सव्वीस ओळी समोरच्याच्या. देश म्हणजे घर, घराला दार असतं, दाराला कुलूप असतं, यात कोणाचा अपमान नाही, असं ते चढत गेलं होतं, आणि सव्विसावी ओळ अशी होती: 'ज्या घराच्या किल्ल्या परक्याच्या खिळ्यावर टांगल्या आहेत, त्या घराने निर्धास्त का झोपावं?' आणि मग आपल्या चार.

पत्र पोस्टात पडलं, फिरलं, पोचलं. मुलीने ते वाचलं आणि तीसच्या तीस ओळी घेतल्या. पानात सगळ्यात खाली लावलं. त्या संध्याकाळी नियमावर सभागृहात मतदान होतं, म्हणून तिला पहिल्या पानाच्या मदतीला बसवलं. सहा वाजता गाद्यांच्या एका कंपनीची जाहिरात आली, तिला थोडी जास्त जागा हवी होती. पान लावणाऱ्याने खालून फोन करून विचारलं, चार ओळी काढायच्यात, कुठून काढू? त्या धंद्यात याचं उत्तर ठरलेलं असतं. मजकूर खालून कापतात. शेवटच्या पत्राचं शेपूट जातं. तिने मतांचे आकडे लिहिता लिहिता सांगितलं, शेवटच्यातून काढ. शेवटचं कोणाचं, हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. उरलेल्या सव्वीस ओळी वाचून त्याने मथळाही दिला: 'किल्ल्या परक्याच्या हाती?'

सकाळी साहेब जिना उतरत होते, तेव्हा पहिल्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन भेटले. त्यांनी साहेबांना बारा वर्षांत कधी नमस्कार केला नव्हता. आज दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले की डोळे उघडलेत, आणि काय लिहिलंय, आम्हाला जन्मात जमलं नसतं. साहेबांना वाटलं, हा माणूस चार ओळी वाचून सुधारला. त्यांनाही बरं वाटलं. जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या ते बऱ्याच समाधानाने उतरले.

दुकानात किल्लेदार कानस चालवत होता. वर्तमानपत्र न वाटता, पुरतं घडी करून स्टुलावर ठेवलेलं. त्याने मान वर न करता सांगितलं, "आज सगळी पानं तुम्हीच वाचा."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. बोटाने ओळी मोजल्या. सव्वीस भरल्या.

"हे अर्धं आहे," ते म्हणाले. "खालचं कापलंय यांनी. मी खाली लिहिलं होतं—"

"कापलेलं मी कुठून वाचू?"

"तू मला ओळखतोस."

किल्लेदाराने कानस खाली ठेवली. "ओळखतो ना, साहेब. म्हणून तर. वर छापलंय ते तुमच्याच हातचं आहे की नाही?"

साहेबांचं बोट सव्विसाव्या ओळीवरच होतं.

"चेअरमन रोज येता-जाता बोलतो. त्याचं मी कधी मनावर घेतलं नाही, त्याला बोलता येत नाही. तुम्ही किती छान लिहिलंत. वाचताना मलाच वाटलं, या माणसाला काढलं पाहिजे."

मग तो मागे वळला, तिसऱ्या खिळ्यावरची किल्ली काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि वर्तमानपत्रावर ठेवली.

मुलीला हे दुपारी कळलं. बापाने तिला एक शब्द लावला नाही; ते फक्त म्हणाले, तू नियमाने केलंस. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं काकूंचं मत आहे.

ती संपादकांकडे गेली. संपादक सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं की आकडा चुकला, नाव चुकलं, मेलेला माणूस जिवंत निघाला, तर आपण दुरुस्ती छापतो. मताची दुरुस्ती छापायची पद्धत नाही. वाचकाने नवं पत्र पाठवावं. साहेबांनी त्याच दिवशी पाठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चार ओळी सुरुवातीला घातल्या. पण चार दिवसांनी पानावर चौकट आली, की या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवण्यात येत आहे. ती चौकटही मुलीलाच लावावी लागली.

साहेबांनी चार ओळी स्वच्छ अक्षरात लिहून इमारतीच्या फलकावर टाचल्या. तिथे राजकीय मजकूर लावायला मनाई आहे, असं सांगून चेअरमननी त्या काढल्या. त्यांनी स्वतः वर्तमानपत्रातून कापून लावलेलं पत्र त्याच फलकावर आठवडाभर होतं, पण ते छापील होतं, म्हणून राजकीय नव्हतं. शिवाय नियम मंजूर झाला होता, आणि किल्लेदाराचा परवाना रद्द करावा अशा एका अर्जाला जोडून ते कात्रण सुनावणीसाठी गेलं. अर्जावर इमारतीतल्या अकरा जणांच्या सह्या होत्या. आम्ही तो नीट वाचला नव्हता. चेअरमन दारात पेन घेऊन उभे होते आणि गॅसवर दूध होतं.

सुनावणीला साहेब न बोलावता गेले. विभागीय कचेरीतली लांबट खोली, भिंतीला बाक, टेबलाशी अधिकारी, बाजूला टंकलेखक. किल्लेदार पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. साहेब त्याच्या बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.

अधिकाऱ्याने कात्रण पुढे केलं आणि विचारलं, हे तुमचं का?

पुढचं साहेबांनी स्वतः सांगितलं, एकदाच. त्यांना नाही म्हणता आलं असतं. वर्तमानपत्राने बदललं, एवढं म्हटलं असतं तरी कात्रण बाजूला झालं असतं. पण त्यांनी तेहतीस वर्षांत खोट्या वजनावर शिक्का मारला नव्हता. ते म्हणाले, "माझं आहे. पण अर्धं आहे."

अधिकारी म्हणाले की कचेरीत अर्धं असं काही नसतं, खाली नाव आहे की नाही?

"आहे."

टंकलेखकाने ते टंकलं. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि उरलेलं वाचायची परवानगी मागितली. अधिकारीही वाईट नव्हते. म्हणाले, वाचा. तेवढ्यात टंकलेखक चहाला उठला, त्यामुळे पुढच्या चार ओळी कुठेच नोंदल्या गेल्या नाहीत. त्या अशा होत्या:

'माझ्या इमारतीतल्या तीस घरांच्या किल्ल्या अशाच एका बाहेरून आलेल्या माणसाच्या खिळ्यावर एकतीस वर्षं टांगल्या आहेत. एका घरातला चमचा हललेला नाही. ज्याच्या हाती घर दिलं, त्याच्याकडे दाखला मागायची मला लाज वाटते. हा नियम नसावा.'

बाहेर जिन्यात दोघं बरोबर उतरले. शेवटच्या पायरीवर किल्लेदार थांबला.

"ओळी चांगल्या होत्या, साहेब."

साहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"आधी लिहायच्या होत्या," किल्लेदार म्हणाला, आणि पिशवी काखेत मारून चालू लागला.

परवाना गेला. दुकान रिकामं करायला तीन आठवडे मिळाले. तो दूर एका पुतण्याकडे जाणार, एवढंच कळलं. पत्ता त्याने कोणाला दिला नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी मागितलाही नाही. निघायच्या सकाळी तो दुसऱ्या मजल्यावर आला. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत एकोणतीस किल्ल्या, प्रत्येकीला सुतळीने बांधलेला घरक्रमांक, आणि एक यादी. डबा त्याने साहेबांच्या हातात दिला. म्हणाला, तुम्हीच वाटा, तपासून घ्यायची तुम्हाला सवय आहे. काकू चहा टाकते म्हणाल्या. तो नको म्हणाला नाही, पण थांबलाही नाही.

साहेबांनी त्या दिवशी घरोघर जाऊन किल्ल्या वाटल्या. प्रत्येक किल्ली त्या त्या दाराला लावून बघायची, फिरली की द्यायची, आणि यादीवर सही घ्यायची: 'किल्ली मिळाली. तक्रार नाही.' काहींना आपली किल्ली खाली आहे हे आठवतही नव्हतं. चेअरमननी दोनदा फिरवून पाहिली, मग सही केली. अर्जावर ज्यांच्या सह्या होत्या त्या अकराही जणांनी केली. साहेबांनी कोणाला काही सुनावलं नाही. सही होईपर्यंत कागद सरळ धरून उभे राहायचे, एवढंच. ते तसे उभे राहिले की कुठे बघायचं हे आम्हाला कळत नव्हतं.

एकोणतीस सह्यांचा तो कागद घेऊन ते विभागीय कचेरीत गेले. समोरच्याची बाजू नसलेलं हे त्यांचं पहिलंच निवेदन. कारकुनाने वाचलं, चांगलं आहे म्हणाला, आणि सांगितलं की अपील स्वतः अर्जदाराने करायचं असतं. अर्जदाराची सही आणि सध्याचा पत्ता लिहून आणा.

पत्ता अजून मिळालेला नाही. साहेबांनी दोन शहरांतल्या पोस्टमास्तरांना पत्रं टाकली आहेत. वर्तमानपत्राला मात्र त्यानंतर एकही नाही. मुलीने पत्रांचं पान सोडून हवामान आणि तापमानाचं काम मागून घेतलं. तिथे शेवटून कापलं तर एखाद्या गावाचा पाऊस जातो, माणूस जात नाही.

जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं मिळतात. खिळे आहेत, त्यांवर कव्हरं लटकवली आहेत. किल्ल्या परत आल्यावर चेअरमननी सूचना काढली, की सावधगिरी म्हणून सगळ्यांनी कुलुपं बदलावीत. लोकांनी बदलली. आम्हीही.

साहेबांनी दोन्ही किल्ल्या एकाच दोऱ्यात बांधल्या आहेत, त्यामुळे विसरतात तेव्हा दोन्ही एकदमच आत राहतात. काकू बहिणीकडे गेलेल्या असतात, मुलगी साडेसातला येते, तोवर ते जिन्याच्या पायरीवर बसून असतात. परवा आम्ही म्हटलं, साहेब, एक जादा करून आमच्याकडे ठेवा की. ते म्हणाले, बघू. मग म्हटलं, निदान ते जुनं कुलूप तरी बदला, अडकतंय हल्ली.

त्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "त्याला पाठ आहे ते."